फांदीवरचे पाय

आमच्या सासूबाई भामाबाई म्हणजे मेंढरांमागं जन्म काढलेली बाई. रडणं ठाऊक नाही, दुसऱ्याचं ऐकणं तर त्याहून नाही. टाचेत बाभळीचा काटा मोडला, गाठ झाली, तरी लंगडत फिरल्या. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायच्या. सुईला भीत नव्हत्या हो, भीती पाय जायची होती.

कारण सासरे कोंडीबा, आमचे मामंजी. मेंढरांसाठी बाभळीच्या फांद्या तोडताना पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. मग वर्षानुवर्षं खाटेवर. रोज दिवेलागणीला एकच धोशा, "भामे, पाय अजून फांदीवरच हायत गं. खाली घे." पाय तर समोर अंथरुणावर पसरलेले! सासूबाई ते चोळता चोळता खेकसायच्या, "आवं, डोळं फुटलं का? हितंच हायत. सोंगं बास करा." मामंजी भिंतीकडं तोंड करायचे. तसेच गेले बिचारे.

शेवटी मीच चिडले आणि सासूबाईंना कडेगावच्या दवाखान्यात नेलं. भूल देणाऱ्या डॉक्टर प्रांजल वयानं पोरसवदा, पण समजूतदार. म्हणाल्या, "आजी, पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखाली भूल. काम थोडक्यात आहे, तुमची उंचीही बेताची, म्हणून औषध अगदी थोडं. संध्याकाळी आपल्या पायांनी घरी."

"आन् हात चुकून मिठावानी जास्त पडलं तर?"

"तर पाय उशिरा जागे होतील. पण होतील."

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "दीपे, पाय न्हाई आलं तर मला घरी आणू नगंस."

कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून सुई दिली. काटा निघाला. बाहेर आणल्यावर त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. "ह्यो पाय माझा न्हाई. ह्यो त्येंचा हाय. रोज चोळलाय मी." मग एकदम ओरडल्या, "दीपे, माझं गुडघं पोटाशीच हायत गं! खाली घ्या कुनीतरी!"

पाय तर चादरीखाली सरळ होते. 'अहो, इथंच आहेत,' असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात डॉक्टर पुढं झाल्या.

प्रांजल डॉक्टरांनी त्यांना खोटं पाडलं नाही. "आजी, इकडं बघा," म्हणत दोन्ही पाय उचलून सावकाश खाली ठेवले. "भूल चढताना पाय जसे असतात, तसेच पुष्कळदा वाटत राहतात."

सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "आलं बाई खाली." आणि मग चेहरा पार उतरला. "मंजी त्येंचंबी खरं हुतं?"

दुपार कलताना अंगठा हलला. मी देवाला हात जोडले. त्या नुसत्या अंगठ्याकडं बघत बसल्या. "माझी भूल उतरली. त्येंची उतरलीच न्हाई गं. पाय खाली घे, एवढंच मागत हुता मानूस."

संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात टाकून घरात आल्या, त्या थेट मामंजींच्या रिकाम्या खाटेपाशी. वाकल्या, हवेतलं काहीतरी दोन्ही हातांवर तोललं आणि अलगद अंथरुणावर ठेवलं. "घ्या. घेतलं खाली."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला हेच चाललंय. मी आपली चुलीपुढं बसून राहायची, त्या बाजूला बघायची नाही. काल मात्र त्यांनी हाक मारली, "दीपे, जरा धर गं. लय जड हायत."

मी उठले, खाटेपाशी गेले आणि दोन्ही हात पुढे केले.