पूजेला बसवलेला रीमर

दुष्काळातल्या त्या वर्षी मी पाथर्डीच्या बाजूला एका धरणाच्या जागेवर रोजंदारीला लागलो. तोवर मला फक्त पत्रकं काढता येत होती. सायक्लोस्टाईलची शाई नखात, डोक्यात घोषणा आणि खिशात काही नाही, असा मी कॉलेज सोडून घरी आलेला. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया खडी फोडायला जात होत्या. मला ड्रिलिंग मशीनवर घेतलं, कारण नळ्या वाहायला दणकट खांदा लागतो आणि खांद्याला कुणी जात विचारत नाही.

धरण अजून कागदावरच होतं. बांध नेमका कुठं घालायचा ते ठरवायला खडकात खोल भोकं पाडून आतला दगड काढून बघायचा होता. मशीन पोकळ नळी गरगरा फिरवत खाली न्यायचं, तिच्या टोकाला हिरे बसवलेला बिट, आणि नळीच्या पोटातून दगडाची लांब कांडी वर यायची. तिला कोअर म्हणत. कांडी अखंड आली की खडक चांगला, चुरा आला की वाईट. शेंबड्या पोरालाही कळेल अशी परीक्षा, पण तिला साहेब नेमला होता.

जागा दोन होत्या. वरची लाईन खिंडीपाशी, खालची लाईन आमच्या वस्तीच्या पलीकडे. वरच्या लाईनीवर बांध झाला तर वस्ती बांधाच्या खाली कोरडी राहणार होती. खालच्या लाईनीवर झाला तर ती तळ्याच्या पोटात जाणार होती. साहेबाच्या माणसांनी वेळ दवडला नाही. वरचं भोक पुरं व्हायच्या आतच आत्याच्या दाराशेजारी चुन्याचा पट्टा ओढून ठेवला. इथपर्यंत पाणी. आत्या माझी सख्खी नव्हे, पण वस्तीत सगळेच तिला आत्या म्हणतात. तिचा पट्टा बरोबर छातीएवढ्या उंचीवर होता.

"म्हंजी चूल बुडनार आन मी न्हाई," ती म्हणाली. "बरं हाय. उपाशी पोहायचं."

वरच्या लाईनीचं भोक निम्म्यावर जाऊन अडकलं. झिजलेला बिट काढून नवा बिट खाली सोडला की तो मधेच रुतून बसायचा. पुन्हा काढा, पुन्हा सोडा, पुन्हा तिथंच. साहेब खुर्चीवरून न उठता म्हणाला, "खडक धसतोय. ही जागा कामाची नाही. वरची लाईन सोडून देऊ." एवढं ठरवताना त्याचा हात एकदाही चिखलाला लागला नाही. साहेबाचा डबा कुणाच्या घरून यायचा ते सांगतो. वरच्या लाईनीवर तळं झालं असतं तर ज्याची बागायत बुडाली असती, त्याच्या घरून. रोज. वर लोणचं.

खडक धसत नव्हता, हे मशीनवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मिस्त्रीनं मला एकदा विडी ओढता ओढता सांगितलं. बिटाच्या लगेच मागे एक आखूड नळकांडं बसवतात, त्याला रीमर म्हणतात. त्याच्या कमरेभोवती हिऱ्यांचा पट्टा असतो. बिट खाली दगड कापतो आणि रीमर भोकाच्या भिंती घासून भोक पुऱ्या मापाचं ठेवतो. आमचा रीमर झिजून गुळगुळीत झाला होता. भोक खाली जाता जाता निमूटपणे बारीक होत गेलं. नवा बिट पुऱ्या मापाचा, तो त्या बारीक भोकात जाणार कसा? दोष लोखंडाचा आणि बदनामी खडकाची.

"मग नवा रीमर लावा ना," मी म्हणालो.

"साहेबाच्या पेटीत हाय. देत न्हाईत. हिरे झिजले तर वर उत्तर कोन देनार, म्हनतात."

"तुम्ही बोलत का नाही?"

"मला पोरं हायेत," मिस्त्री म्हणाला आणि विडी विझवली.

आमच्या वस्तीलाही पोरं होती. पण ज्यांना पोरं असतात त्यांची तोंडं शिवलेली असतात, हा या देशाचा अलिखित कायदा आहे. हिरे झिजू नयेत म्हणून माणसं बुडवायची! सावकारसुद्धा इतका हिशेबी नसतो.

आणि पाणी? ती गंमत वेगळीच. बिट गार ठेवायला मशीनला सतत पाणी लागतं. त्यासाठी टँकर यायचा. वस्तीची विहीर आटली होती, तिच्यासाठी टँकर येत नव्हता. भोकातून वर आलेलं राखाडी पाणी खड्ड्यात साचायचं, गाळ खाली बसला की आमच्या बाया वरवरचं पाणी तांब्यानं हंड्यात भरायच्या. साहेब म्हणायचा, "बघा, आमच्यामुळं तुम्हाला पाणी मिळतं."

मी ठरवलं, खंडेनवमीला मोर्चा न्यायचा. त्या दिवशी काम बंद, अवजारांची पूजा, साहेब हजर, सगळी गडीमाणसं गोळा. बायांनी साहेबाला बांगड्यांचा आहेर करायचा, म्हणजे त्याची लाज निघेल. पत्रकात हे छान दिसलं असतं. आत्याला सांगितलं तर ती फणकारली.

"बांगडी म्हंजी काय शिवी हाय का रं? बांगड्या घालूनच आमी दिसभर खडी फोडतोय. त्या बसक्याला बांगडी घालायची म्हंजी त्येचा मान केल्यावानी हुईल."

तरी ती आली. बाकीच्या बायांनी एकेक हिरवी बांगडी पदराच्या गाठीला बांधून आणली होती.

मंडपात गोणपाटावर सगळी अवजारं मांडलेली. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण झेंडूच्या माळा बाजारातून आल्या होत्या. मधोमध पाटावर, साहेबाच्या पेटीतून पूजेपुरता काढलेला, हळदीकुंकू लावलेला, कोरा करकरीत रीमर. त्याच्या शेजारी झिजका रीमर, त्यालाही एक फूल. नारळ फुटला होता. इतके महिने ज्या नळ्या माझ्या खांद्यावर बसल्या त्यांना हात लावायला मी पुढं झालो तर साहेबाचा शिपाई म्हणाला, "आज जरा लांब हुबा ऱ्हा." पूजेच्या दिवशी लोखंडही सोवळं होतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

बाया आत आल्या तसा साहेब उभा राहिला. उभा राहिलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

"काय पाहिजे?"

"वस्ती पायजे," एक बाई म्हणाली.

"खडक खराब आहे त्याला मी काय करू?"

मी भाषण सुरू करणार, एवढ्यात आत्या सरळ पाटाशी गेली. शिपाई "अगं ए, अगं ए" करत राहिला. तिनं हातातली पितळेची जुनी बांगडी काढली.

"सायबाला नगं," ती बायांना म्हणाली. "ह्या लोखंडाला भरते. पूजा घेतंय, हार घेतंय आन काम करत न्हाई. अगदी आमच्या मालकावानी."

बाया खो खो हसल्या. तिनं बांगडी नव्या रीमरवर घातली. बांगडी खाली आली आणि हिऱ्यांच्या पट्ट्यावर अडकली.

"ह्येचा हात लई जाड हाय बया!" म्हणून तिनं ती ओढून काढली आणि झिजक्या रीमरवर सोडली. बांगडी पट्ट्यावरून घसरली आणि खण्णकन पाटावर पडली.

हसणं थांबलं. मशीनवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मला भाषण आठवेना, आणि ते बरंच झालं. मी बांगडी उचलून पुन्हा दोन्हींवर घालून दाखवली. नव्यावर अडकली. जुन्यावरून पडली. खण्ण.

"मिस्त्री," मी म्हणालो, "हे काय आहे ते साहेबांना सांगा."

मिस्त्रीनं आधी साहेबाकडं पाहिलं, मग बायांकडं. बाया जास्त होत्या.

"रीमर झिजलाय, साहेब," तो हळूच म्हणाला. "भोक बारीक झालंय. खडकाचं काय न्हाई."

"बांगडी म्हणजे शास्त्रीय माप नव्हे," साहेब म्हणाला.

"मग शास्त्रीय आणा!" मी म्हणालो.

ते होतं. मापाची कडी त्याच्याच पेटीत होती, कंपनीच्या मेणकागदात, उघडलेलीही नव्हती. सगळ्यांसमोर त्यानं कागद फाडला, कारण न फाडून जाणार कुठं? कडीही नव्यावर नेमकी बसली आणि जुन्यावर ढिली लोंबली. साहेबाच्या तोंडून एक अस्सल सरकारी वाक्य बाहेर पडलं. "मी हेच करणार होतो."

दसऱ्याची सुट्टी गेली आणि नवा रीमर नळीला लागला. वरून सुरुवात करून भोकाच्या भिंती घासत घासत, अगदी सावकाश, मिस्त्रीनं तो खाली नेला. घशात कफ अडकल्यासारखा आवाज यायचा. अडकायच्या जागेशी आवाज चढला, मशीन थरथरलं आणि मग नळी सुटल्यासारखी खाली गेली. त्याखाली बिटाला कोरा खडक लागला. पुढं कांडीमागून कांडी आली, काळी, जड, एकसंध. साहेबानं तिच्यावर नाणं वाजवलं आणि पाहुण्यांना दाखवावं तसं सगळ्यांना दाखवलं. मोठे अधिकारी पाहणीला आले तेव्हा "आमच्या निरीक्षणात आलं की" असं तो म्हणाला. डबा मात्र त्या घरून यायचा बंद झाला होता.

बांध वरच्या लाईनीवर ठरला. मी धावत वस्तीवर गेलो. आत्या शेणाचा गोळा घेऊन भिंतीपाशी बसली होती आणि चुन्याच्या पट्ट्यावर हात फिरवत होती. मनगटावर तीच पितळेची बांगडी, हिऱ्यांनी आतून ओरबाडलेली.

"आत्या, थांब," मी म्हणालो. "तो राहू दे. पुरावा आहे तो. किती नालायक लोक आहेत ते दिसलं पाहिजे."

"पुरावा तुज्या कागदात लिव," ती हात न थांबवता म्हणाली. "ही माजी भित हाय. सरक, उजेडात यिऊ नगं."

मी सरकलो. पट्ट्याचा अर्धा भाग सारवून झाला होता.