कूलरची टाकी

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा पहिला वास आला की मला माझा एक पांढरा शर्ट आठवतो. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी, नागपूरला गेलो होतो. सासूबाईंना बागेचं भारी वेड, म्हणून तिथल्या सदर बाजारातल्या एका दुकानात तासभर घालवून मखमली पेटीतला खुरपी-कात्रीचा चकचकीत संच नेला. त्यांनी तो डोळे भरून पाहिला, "इतक्या चांगल्या वस्तूले माती कशी लावू?" म्हणाल्या आणि सरळ शोकेसमध्ये ठेवून दिला. मी हिरमुसलो. तेवढ्यात समोरच्या घरातून जुन्या कूलरची गंजलेली टाकी निघाली आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. पोहे वाढता वाढता सासूबाई खिडकीशी थबकल्या. जावयासमोर भंगारामागे धावायचं कसं, ही त्यांची पंचाईत चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मी चप्पलही न घालता पळालो, तळपाय भाजत भंगारवाल्याला गाठलं आणि टाकी डोक्यावर घेऊन परतलो. तळाशी उरलेलं गंजाचं पाणी शर्टभर ओघळत होतं. "अवं माय! जावईबापू, हे काहून करून राहिले तुम्ही?" असं ओरडतानाच त्यांचा हात टाकीत गेला होता, माती किती मावेल ते बघायला. "याच्यात तं मोगरा मस्त येईन," म्हणत त्या अशा हसल्या की मी शर्ट विसरलो. तो संच अजून शोकेसमध्येच आहे. परवा मात्र फोनवर सासूबाईंनी माझ्याआधी आमच्या कूलरची तब्येत विचारली, "लय जुना झाला असन नं आता?"