टोपीवाल्या पिक्चरचं मराठी

आमच्या घरात त्यांना टोपीवाले पिक्चर म्हणतात. इंग्रजीत त्यांना काहीतरी भारदस्त नाव आहे, लेकीनं परवाच सांगितलं आणि मी लगेच विसरलेही. काळेपांढरे, अमेरिकेतले, टोपी घालून सिगारेट फुंकणारे पुरुष, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या आणि एक बाई, जिच्यापायी शेवटी कुणाचं तरी वाटोळं होतं. लेक म्हणते, "आहे काय त्यात एवढं? सगळे मरतात तर शेवटी." मरेनात का. मला आवडतात. त्यांत माणसाचा अर्धा चेहरा उजेडात असतो आणि अर्धा अंधारात, आणि मी ज्यांच्यावर जीव लावला ती माणसंही साधारण तशीच निघाली.

मी नऊ वर्षांची असताना आई घर सोडून गेली. दुसऱ्या माणसाबरोबर गेली, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. रविवार उजाडला की शेजारच्या बायका भाजीची वाटी घेऊन हजर. भाजी निमित्ताला, खरं तर माझं तोंड न्याहाळायला यायच्या. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते सोसेना. म्हणून ते मला सायकलवर पुढे बसवून शहरात घेऊन जायचे, थेटरातल्या सकाळच्या इंग्रजी खेळाला.

प्रिंटा इतक्या घासलेल्या असायच्या की पडद्यावर सारख्या उभ्या रेघा. त्याला सगळे "पाऊस पडतोय" म्हणायचे. मला तो खराच पाऊस वाटायचा. अमेरिकेत घरात, मोटारीत, अगदी कोर्टातसुद्धा पाऊस पडतो अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. अण्णा रोज गाडीनं इगतपुरीला जायचे, तिथे रेल्वेत कारकून होते, आणि तिथल्या धो-धो पावसाच्या गोष्टी रोज ऐकायला मिळायच्या, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अण्णांचं इंग्रजी ऑफिसच्या पत्रांपुरतं. हिरो दोन-दोन मिनिटं बोलायचा आणि अण्णा माझ्या कानाशी कुजबुजायचे, "काही नाही, पत्ता विचारतोय." पण ती बाई बोलायला लागली की अण्णांना जोर चढायचा. "ती म्हणतेय, माझा नाइलाज होता." "ती म्हणतेय, जीव होता तुझ्यावर, पण सांगता आलं नाही." एकदा बाईनं त्याच्यावर सरळ पिस्तूल रोखलेलं, तरी अण्णांचं तेच. मी म्हटलं, "मग मारतेय कशाला त्याला?" तर म्हणाले, "घाबरलीय गं ती." मागून कुणीतरी खेकसलं, "ओ काका, हळू!"

खेळ सुटला की मिसळ. अशाच एका रविवारी मिसळ खाताना मी धीर करून विचारलं, "आई जाताना काही म्हणाली का?" अण्णा पाव मोडत राहिले. मग म्हणाले, "म्हणाली ना. पोरीला जपा म्हणाली. तिच्याशिवाय मला करमायचं नाही म्हणाली."

त्या एका वाक्यावर मी मोठी झाले, खरं सांगते. लोक आईला नको ते बोलायचे, पण मला तिचा राग धरताच आला नाही. माझं लग्न झाल्यावर मीच तिचा पत्ता काढून दिंडोरीला गेले, मग जातच राहिले. तिच्या शेवटच्या आजारपणात महिनाभर उशाशी बसले. अण्णा कधी आले नाहीत, पण त्यांनी मला अडवलंही नाही.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि माझ्याकडेच, गंगापूर रोडला असतात. गेल्या रविवारी दुपारी लेकीनं त्यांतलाच एक पिक्चर शोधून टीव्हीवर लावून दिला. मी पडदे ओढले, चहा केला. प्रिंट अगदी धुऊनपुसून लख्ख केलेली. अण्णा कुरकुरले, "पाऊस घालवला की मेल्यांनी."

शेवट आला. जिन्यावर ती बाई, हातात पिस्तूल. आता ती काय म्हणणार हे मला पाठ होतं. पण खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती, आणि मी गेली पंचवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतेय. ती म्हणत होती, मला तुझा कंटाळा आला होता, बस्स. नाइलाज नाही, जीव नाही, काही नाही.

मला आधी हसूच आलं. "अण्णा, किती थापा मारल्यात हो!" तेही हसले. आणि हसता हसता मला मिसळ खातानाचं ते वाक्य आठवलं. मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"अण्णा, आई जाताना जे म्हणाली, तेही असंच का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ती काहीच नव्हती म्हणाली," ते म्हणाले. "मी कामावरून आलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारी ठेवलेली, आणि तू शाळेत."

मला राग आला. असा राग मला आयुष्यात कुणाचाच आला नव्हता, अण्णांचा तर नाहीच. ज्या वाक्याला धरून मी तिच्या दारात गेले, तिचं सगळं केलं, ते वाक्य मुळी कुणी बोललंच नव्हतं. ते सगळं मी अण्णांना फाडफाड बोलून दाखवणार होते. तोंडही उघडलं होतं. आणि मला दिंडोरीतली तिची आजारपणातली खोली आठवली.

"अण्णा," मी म्हटलं, "मी तिला सांगितलं होतं. तिनं डोळे मिटायच्या दोन दिवस आधी. म्हटलं, आई, तू मला जपायला सांगून गेलीस ते मला ठाऊक आहे, अण्णांनी सांगितलंय."

अण्णांचा चेहरा उतरला. "मग?"

"माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हो गं, सांगितलं होतं मी त्यांना."

"असं म्हणाली?"

"असंच म्हणाली."

"खोटारडी," अण्णा म्हणाले, आणि ती घर सोडून गेल्यापासून आज पहिल्यांदा माझ्यासमोर रडले.