दाढ, फिट आन् डॉक्टरचा बूट

बायकूची दाढ दुखत हुती आन् दवाखाना म्या निवडला. हितंच सगळं बिघाडलं. निवडला कसा, तर आमच्या गेटासमोरच हाय, रिक्षा लागत न्हाय आन् आत गार हवा हाय.

आमी मूळचं वळसंगकडचं. आता जुळे सोलापुरात एका बिल्डिंगीवर मी वॉचमन हाय. काम काय, तर गेट उगडायचं, गेट लावायचं आन् मदल्या येळात लोकांस्नी हसवायचं. साळंत मी सुकडी खायपुरता गेलो, त्यामुळं हसवन्याशिवाय दुसरं काय येत न्हाय मला. बिल्डिंगीतली मानसं लांबूनच मला बगून हसाय लागत्यात. निम्मी माज्या जोकला हसत्यात, निम्मी मला. मला दोनी चालतंय.

बायकूला ल्हानपनापास्नं फिट येती. रोज गोळी घेती, त्यामुळं वर्स-वर्स काय हुत न्हाय. पर समोरचा त्यो डॉक्टर आजारी मानसाला हात लावत न्हाय, ह्ये मला ठावं हुतं. आमच्या बिल्डिंगीत एक आजोबा हाईत, शुगरवालं. त्यांस्नी त्येनं सगळ्यांम्होरं सुनावलं हुतं, "आजोबा, आधी शुगर आटोक्यात आणा, मग तोंड उघडा. माझ्या खुर्चीत काही झालं तर मी निस्तरत बसू का?" आजोबा गेटाशी येऊन मलाच सांगत हुतं. डोळ्यात पानी हुतं त्यांच्या. आन् म्या काय म्हनलं? "तोंड न उगडता दात काडनारा डॉक्टर हुडकू की आजोबा!" त्येबी हसलं बिच्चारं. काय करनार?

म्हनून म्या बायकूला रस्त्यातच सांगून ठिवलं, "फिटचं काय बोलू नगंस. आदी दाढ काडून घिऊ, मंग खुशाल सांग."

"आवं, पर त्येनं इचारलं तर?"

"मी हाय की!"

मी हुतोच. डॉक्टरनं इचारलं, "काही आजार? बीपी, शुगर, फिट?" बायकूनं माज्याकडं बगितलं. म्या म्हनलं, "काय न्हाय सायब, म्हशीवानी ठनठनीत हाय." नर्स हसली. मला तेवडं पुरं झालं.

आता अजून एक गोष्ट मला ठावं हुती आन् म्या ती गिळली. बायकू सकाळपास्नं उपाशी हुती, चावताच येत नव्हतं तिला. दुखन्यानं झोपबी झाली नव्हती. आन् आमच्यात रिकाम्या पोटी गोळी घेत न्हाईत, पोटात आग पडती म्हनत्यात. म्हनून तिनं त्या दिशी फिटची गोळीबी घेतली नव्हती.

डॉक्टरनं हिरडीत सुई घातली. बायकूनं माजा हात गच्च धरला. मंग तिचा हात आपोआप झटकं द्याय लागला आन् तिचं डोळं पांढरं झालं.

आमच्याकडं फिट आली की चप्पल हुंगवत्यात. माजी आजी तसंच करायची, आई तसंच करायची. चपला तर दाराबाहीर काडल्याल्या. मी पळत गेलो, हाताला लागलं त्ये उचललं, पळत आलो आन् तिच्या नाकाला लावलं.

नर्स वराडली, "अहो, तो सरांचा बूट आहे!"

व्हय की. काळा, चकचकीत, पॉलिशचा वास मारनारा. बायकू थरथरायलीय, मी डॉक्टरचा बूट तिच्या नाकाला लावून हुबा हाय आन् डॉक्टर सपाता घालून भिताडाला चिटकल्याला. त्येनं तिला धरलंबी न्हाय. नर्सनंच मला बाजूला ढकललं आन् तिला कुशीवर वळवलं. हळूहळू हात-पाय थांबलं. खुर्ची ओली झाली हुती. लुगडंबी.

तवा डॉक्टरला आवाज फुटला. "फिट येते आणि सांगत नाही? खोटं बोलून बसवता?" हितवर त्येचं बरुबर हुतं. खोटं मीच बोललो हुतो. पर त्यो थांबला न्हाय. दार उगडं, भाएर बसल्याली समदी मानसं वाकून बगत्यात, आन् ह्यो म्हनतो, "घाण केली सगळी! असल्यांना जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं, इथं नाही आणायचं!"

दुसरा कुनी नवरा आसता तर त्येनं त्याच बुटानं हानला आसता डॉक्टरला. बूट माज्या हातातच हुता की! पर माज्या तोंडातनं काय निगालं?

"न्हेली हुती सायब, पर तितला डॉक्टर म्हनला, हिला शिंगं न्हाईत, आमी बगत न्हाय."

भाएरची मानसं हसली. डॉक्टरबी हसला. नर्स तेवडी खाली बगत हुती. मीबी हसलो. खरं सांगतो, लई बरं वाटलं मला. एवडा शिकल्याला मानूस, रागात हुता, आन् म्या त्येला हसवला.

मंग म्या खाली बगितलं. बायकूचं डोळं उगडं हुतं. शुद्धीवर कवा आली, काय काय ऐकलं, ठावं न्हाय. डॉक्टरकडं बगतच नव्हती ती. माज्याकडं बगत हुती.

ओल्या लुगड्यावर पदर वढून ती उटली. म्या हात दिला, तिनं घेतला न्हाय. ती त्या मानसांमदनं एकलीच गेली. मी मागं राहिलो, कारन खुर्ची पुसायची हुती. खुर्ची पुसली, बूट जाग्यावर ठिवला, टोकं सरळ केली आन् डॉक्टरला सॉरीबी म्हनलं.

दाढ तशीच राहिली. गाल सुजून डोळ्याला टेकला. ती चार घरची भांडी करायची, पदर तोंडावर घिऊन. घरात माज्याशी बोलायचं बंद. म्या म्हनलं, "सरकारी दवाखान्यात जाऊ."

"जाऊ की. तितं बी हसवा समद्यांस्नी."

"अगं, त्यो डॉक्टरच तसला निगाला."

"त्यो परका हाय. त्येनं जनावर म्हनलं, म्हनू दे. तुमी माजं कोन हायसा?"

जोक आला हुता तोंडात. माज्या तोंडात कवाबी जोकच येतोय. गिळला.

शेवटी दुखनंच जितलं. ती म्हनली, "यीन मी. पर तुमी एक सबुद बोलायचा न्हाय."

सरकारी दवाखान्यात लई रांग. आत एक पोरसवदा डॉक्टरीन बाई हुती. तिनं इचारलं, "काही आजार आहे का?"

बायकूनं ह्या येळी माज्याकडं बगितलं न्हाय. "फिट येती मला. रोजची गोळी हाय. मागल्या डॉक्टरच्या खुर्चीतच आली. लुगडं भिजलं माजं."

एका दमात बोलली. जे मी लपवत हुतो, त्येच्याहून जास्त सांगितलं तिनं. मला वाटलं, आता ही बाई हाकलनार. पर ती म्हनली, "सांगितलंत ते बरं केलंत. आज गोळी घेतली? काही खाल्लंय?"

"न्हाय."

"मग आधी खाऊन या, गोळी घ्या आणि थोड्या वेळानं परत या. मी आहे इथंच." मंग माज्याकडं बगून म्हनली, "हे मिस्टर का? काहीच बोलत नाहीत?"

"गप बसा म्हनून सांगितलंय त्यांस्नी," बायकू म्हनली.

भाएर कट्ट्यावर बसून तिनं एका बाजूनं केळ खाल्लं, गोळी घेतली. मंग तिची दाढ निगाली. काय झालं न्हाय तिला. मी दाराशी हुबा हुतो, रिकाम्या हातानं.

घरी जाताना शेअर रिक्षा मिळाली. बायकू मागं बसली आन् मला बोटानं म्होरं बस म्हनून दावलं. मी रिक्षावाल्याशेजारी बसलो. त्यो गमत्या हुता, आरशात बगून म्हनला, "काय मामा, मावशीचा गाल लई फुगलाय की! भांडन झालं का?"

असला चेंडू मी जलमात सोडला नव्हता. पर म्हनलं, आता न्हाय. "तिलाच इचार की," म्हनलं. माजं मलाच लई चांगलं वाटलं, बायकूचं तिला बोलू दिलं म्हनून.

मागनं काय आवाज आला न्हाय. रिक्षावाला वाट बगून हसला. तवा माज्या ध्यानात आलं, तिला डॉक्टरनीनं कापसाचा बोळा दाबून धराय सांगितला हुता आन् तोंड उगडू नका म्हनून बजावलं हुतं.