तळ्याची तिसरी पायरी

मला एका जागी बसवत नाही; आई म्हणायची, पायाला भिंगरी बांधूनच आली आहे. आणि नशिबात संशोधन आलं ते दगडाला चिकटून राहणाऱ्या जिवाचं! गॉम्फोनेमा म्हणजे एकाच पेशीचं, काचेच्या कवचाचं शेवाळ. निमुळत्या टोकाकडून चिकट देठ सोडतं आणि दगड धरून राहतं. कवच डबा-झाकणासारखं दोन भागांचं. पेशी दुभंगली की दोन्ही नव्या पेशींच्या वाट्याला एकेक भाग येतो आणि आतला, जरा लहान भाग प्रत्येक पेशी नवा घडवते. त्यामुळे पिढ्यानपिढ्या सरासरी आकार घटत जातो. शेवटी दोन पेशींचं मीलन झालं की पुन्हा मोठी पेशी जन्मते.

मिहान प्रकल्पाच्या पुढच्या एका तळ्याच्या तिसऱ्या पायरीवरून मी अकरा महिने नमुने घेतले. आकार घटतच चालला होता. बाराव्या महिन्यात मोठ्या पेशी सापडतील असं आतून वाटत होतं. सापडल्या असत्या तर वर्षाचं सोनं झालं असतं. आठवडाभर मी घरात नुसत्या येरझारा घातल्या.

बाबा दर वेळी सोबत यायचे. त्यांचा जन्म हातमागावर विणण्यात गेलेला. माग विकल्यापासून त्यांचेही हात स्वस्थ बसत नव्हते. त्या सकाळी स्कूटरवर मागे बसून ते उगाचच खूश होते. तळ्यावर पोचलो. पायऱ्या लख्ख होत्या.

"काल येऊन घासल्या," ते म्हणाले. "सुताले खळ लावाचा कुंचा होता न, त्यानंच. मागच्या खेपेले तू घसरून पडली होती न वं."

"काहून घासल्या, बाबा? ते शेवाळच तं न्यायले आली मी! तुमाले काही समजते का यातलं?"

तोंडातून गेलं ते गेलं. ते पायरीवर बसले. मी काठाने फेऱ्या मारत राहिले. दुसऱ्याच दगडावरचं खरवडून या पायरीचं म्हणून खपवावं, असंही मनात आलं. कोणाला कळणार होतं? मग माझीच मला लाज वाटली.

अक्षर चांगलं म्हणून नोंदवही बाबाच लिहायचे. "लिहा," मी म्हटलं, "नमुना मिळाला नाही. पायरी अज्ञात व्यक्तीने घासली."

त्यांचं पेन थांबलं. "अज्ञात कसा? मी इथंच बसून आहो न."

आणि त्यांनी सावकाश लिहिलं: 'पायरी बापाने घासली. मुलगी पडली होती.' मग वही माझ्यापुढे धरली. खाली माझी सही लागायची. माझ्याने ती होईना.