गट नंबर सत्तावीस आणि मुंबईची धावपट्टी

माझा नवरा मुंबईला विमानं उतरवतो. बसतो जळकोटात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, आणि उतरवतो मुंबईला. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि तेच नडलं.

नवऱ्याचं नाव वैजनाथ. तोंडावर मी 'अवो' म्हणते, पण इथं 'हे, हे' करत बसले तर तुमचाच गोंधळ होईल, म्हणून नाव घेते. हायवेला लागून त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, सगळं तिथंच. माणूस भलता काळजीखोर. फॉर्म तीनदा वाचतो, कुलूप चारदा ओढून बघतो, आणि हायवे ओलांडताना इतका वेळ थांबतो की मागून आलेली म्हैस पुढं निघून जाते. विमानात तो जन्मात बसलेला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा त्याला त्या खोलीत बघितलं तेव्हा कानाला हेडफोन, समोर काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा, आणि तोंडात फाडफाड इंग्रजी. मला वाटलं, झालं, पलीकडं कुणीतरी बाई आहे. चांगली भांडले. तेव्हा त्यानं नीट समजावून सांगितलं. जगभरातली माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरवर विमान चालवतात. विमान खोटं, पण वेळ खरा. खऱ्या विमानाला हैदराबादहून मुंबईला सव्वा तास लागतो, तर ह्यांनाही सव्वा तासच लागतो. आणि त्या सगळ्यांना 'तू थांब, तू वळ, तू उतर' हे सांगायला दुसरी माणसं विमानतळाच्या टॉवरवर बसतात. तीही आपापल्या घरी. वैजनाथ त्यातला. त्यासाठी त्यानं आठ महिने अभ्यास केला, परीक्षा दिली, एकदा नापाससुद्धा झाला.

"मंग जिंकतं कोण?" मी विचारलं.

"कुणीच न्हाय."

"मंग ह्यो खेळ कसला?"

"कुणी कुणाला धडकलं न्हाय, म्हंजे झालं."

कप्पाळ माझं! पण नंतर विचार केला. नवरात्रात नळदुर्गच्या चौकात पोलीस शिट्टी फुंकत उभा असतो, तसंच हे. ज्याला काळजी करायचीच हौस आहे, त्यानं खोट्या विमानांची केली तर कुणाचं काय बिघडलं? फक्त गावात सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आमच्याकडं 'गेम खेळतो' म्हटलं की लोकांना मोबाइलवरची रमीच आठवते. चौतीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि गेम खेळतो? मला लाज वाटायची. म्हणून तो टॉवरवर बसला असताना कुणी दारात आलं, की मी एकच सांगायची, "कामात हायेत."

आता लिंबाजी तात्यांचं सांगते. तात्या वैजनाथचे सख्खे चुलते. रस्त्याच्या खात्यात मुकादम होते, त्यामुळं आकडे आणि 'ओके', 'क्लिअर', 'लँड' एवढं इंग्रजी त्यांना येतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी अडीच एकर रान विकत घेतलं, गट नंबर सत्तावीस. खरेदीखत झालं, पण सातबाऱ्यावर नाव चढवायचं राहून गेलं. आता चढवायला गेले, तर विकणाऱ्याचा पोरगा रणधीर आडवा आला. म्हणाला, रान आमचंच. प्रकरण तारखांवर गेलं. पहिल्या तारखेला तात्या तापानं फणफणलेले, दुसरीला खरेदीखत घाईत घरीच राहिलं. तिसरी तारीख सोमवारी अकराला, तुळजापूरला तहसीलात. हजर राहिला नाहीत तर तुमचं न ऐकताच निकाल दिला जाईल, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं. ती नोटीस वैजनाथनंच त्यांना दोनदा वाचून दाखवली होती.

रविवारी संध्याकाळी तात्या आले. सोबत कोण येणार, कुठल्या गाडीनं जायचं, हे विचारायला. वैजनाथ टॉवरवर होता. मी नेहमीचंच सांगितलं, "तात्या, बसा जरा. कामात हायेत."

"करू दे, करू दे," म्हणून ते खोलीच्या दाराशी उभे राहिले. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर तात्या नव्हते. म्हटलं, कंटाळून गेले असतील, सकाळी येतील.

सकाळी आले. पावणेनऊला. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात शेतातलं मळकं बनियन.

"तात्या, ह्ये काय? कापडं कुठं हायेत? आज तारीख हाय न्हवं?"

"कशाची तारीख आता?" त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "वैजूनं काल काम फत्ते केलं की! म्या ह्या कानानं ऐकलं. टू सेव्हन, क्लिअर, लँड. सत्तावीस नंबर, जमीन क्लिअर! वर मुंबईला बोलत व्हता गडी, आन् चेहऱ्यावर कसली रेघ न्हाय."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. मुंबईच्या धावपट्टीचा नंबर सत्तावीस आहे, हे मला ठाऊक होतं. रोज कानावर पडतं ना. रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड टू लँड. म्हणजे उतर बाबा, रस्ता मोकळा आहे.

"आन् तुळजापूरची जीप?" मी विचारलं.

"लावून दिली की. रिकामं कशाला जायचं तुळजापूरला?"

सव्वा तासाची वाट, आणि हे बनियनवर पेढे वाटत फिरतायत! मी ओरडले, "अवो, या की भाईर!" वैजनाथ दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन आला. ऐकलं, आणि त्याचा चेहरा साबणापेक्षा पांढरा पडला.

"तात्या, त्ये जमिनीचं नव्हतं. त्यो गेम व्हता."

"गेम? कुणाचा गेम केलास?"

"कुणाचा न्हाय! खेळ, खेळ. इमानांचा खेळ. म्या त्येन्ला उतरा म्हणून सांगतो."

तात्या डोळा बारीक करून हसले. "कळलं. भाईर बोलू नको, आसं साहेबानं सांगितलं आसंल. न्हाय बोलत कुणाला. माझ्यापाशी कशाला लपवतोस?"

देवा रे! तो जितकं नाही म्हणायचा, तितकी त्यांची खात्री वाढायची. शेवटी वैजनाथनं त्यांना हाताला धरून खोलीत नेलं आणि कॉम्प्युटर चालू केला. म्हटलं, डोळ्यांनी बघितलं की पटेल. घड्याळात नऊ वाजून गेले होते. पडद्यावर काळं रान उमटलं, त्यात रेघा, ठिपके, आकडे.

तात्या पुढं वाकले. "ह्यो बग, मोजणीचा नकाशा," ते म्हणाले. "ह्यो बांध. ह्यो पाणंद रस्ता. माझं रान कुठं दाखवतंय?"

"तात्या, ही मुंबई हाय. हे ठिपके म्हंजे इमानं."

"इमानं रानात कशी?"

"रान न्हाय ओ त्ये!" वैजनाथचा आवाज फाटला. मी त्याला कधी मोठ्यानं बोलताना ऐकलेलं नव्हतं. त्यानं हेडफोन तात्यांच्या कानाला लावला, तर पलीकडं कुणी बोलेचना, सकाळचं कोण बसणार खेळायला? तात्या शांतपणे ऐकत राहिले. म्हणाले, "साहेब अजून आला न्हाय वाटतं."

नऊ वीस. डोळ्यांसमोर रणधीर दिसायला लागला, इस्त्रीचा शर्ट घालून तिथं वेळेत बसलेला. तात्यांना आम्ही बुडवणार, आणि ते आम्हालाच पेढे देतायत. वैजनाथ आणखी काही सांगायला निघाला, धावपट्टी म्हणजे काय, नंबर कसे पडतात. मी त्याला बाजूला सारलं. डोक्यावरचा पदर सावरला आणि तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तात्या, म्या तुमच्याशी खोटं बोलले. ते कामात नव्हते. खेळत व्हते. रोज खेळतात. लेकरं रंगपेटी घेऊन बसतात तसं. मला सांगायची लाज वाटती, म्हणून येईल त्याला 'कामात हायेत' म्हणून सांगते. तुमच्या जमिनीचं त्येंनी कायबी केलेलं न्हाय. काय म्हंजे कायबी न्हाय."

वैजनाथ खाली बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

तात्यांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. नवऱ्याची अब्रू बाई उगाच काढत नाही, हे त्यांना कळलं असावं. "कायबी न्हाय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते उठले. वैजनाथनं आपला धुतलेला सदरा त्यांच्या अंगात घातला. मी पळत त्यांच्या घरी जाऊन चुलत सासूबाई कोंडाबाईंकडून खरेदीखताची पिशवी आणली. नऊ चाळीसला मोटरसायकल हायवेला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी वैजनाथला डावी-उजवीकडं न बघता हायवेवर गाडी घालताना बघितलं, आणि ते बघून माझा जीव आणखीनच वरखाली झाला.

अकरा वाजले. फोन नाही. साडेअकरा वाजले. भाकरी तव्यावर जळली. अपघात झाला असेल का, आधीच पुकारा झाला असेल का, कागद वाऱ्यानं उडाला असेल का? काळजी कशी करतात ते त्या दिवशी मला कळलं. सव्वाबाराला फोन वाजला.

"पोचलो एकदाचं," वैजनाथ म्हणाला. "पुकारा उशिरा झाला म्हणून वाचलो. मूळ खरेदीखत बघितलं, नक्कल ठेवून घेतली. तात्यांचं म्हणणं लिहून घेतलं. निकाल राखून ठेवलाय."

"म्हंजे कसं?"

"म्हंजे अजून कायच न्हाय. वाट बघायची."

दिवस कलता दोघं परत आले. तात्या ओट्यावर टेकले. वैजनाथ त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "तात्या, चुकलं माझं. बंद करतो म्या त्यो खेळ."

"खेळाचं काय न्हाय रे," तात्या म्हणाले. "पंचवीस वर्सं झाली, म्या रातीतनं चारदा उठतो. त्यो कागद जाग्यावर हाय का बघतो, परत पडतो. काल न्हाय उठलो. एकदाबी न्हाय. सकाळी तुझ्या काकूनं नाकाशी हात धरून बघितलं, जित्ता हाय का म्हणून. इतकी गाढ झोप लागली व्हती, वैजू. ती आज परत कुठनं आणू, सांग."

मी चहा पुढं केला. त्यांनी घेतला नाही.