परक्याच्या पोराची फी

सौंदडच्या शामकलेला प्रश्न विचारायची सवय होती. चौथीपर्यंत शिकली, लग्न होऊन सौंदडला आली, घरची धानाची शेती बघू लागली. पण सवय गेली नाही. गावाला ती खटकायची. नवरा केवळराम मात्र व्यवहाराच्या बोलण्याला तिला शेजारी बसवून घ्यायचा.

१९५५ साली धाकटा दीर खेमराज नागपूरहून बी.एस्सी. होऊन आला. जेवताना म्हणाला, "मले जर्मनीत जाऊन इंजिनिअर व्हायचं हाय. इंग्लंडपेक्षा तिथं फी लय कमी."

"कमी म्हंजे किती?" शामकलेनं विचारलं.

"आपल्याच्यानं होईल येवढी."

"परक्याच्या पोरालेबी?"

"हो."

"काऊन?" शामकलेनं कारण विचारलं.

धानाच्या व्यापारात मुरलेल्या केवळरामला स्वस्त मालात नेहमी खोट दिसायची. तो बायकोला म्हणाला, "गोंदियाले दुलीचंद इंजिनिअर हाय, तिथूनच शिकून आला. तू जाय याच्यासंगं. तुले विचारता येते."

छोट्या रेल्वेगाडीनं दोघं गोंदियाला गेले. दुलीचंद राईस मिलची यंत्रं बसवायचा. त्यानं चहा मागवला आणि समजावून सांगितलं, "भाभीजी, फी की चिंता मत करो. खर्चा दुसरा है. जहाज का किराया, कमरा, खाना, गरम कोट. पहले भाषा सीखो, फिर कुछ महीने कारखाने में काम करो, तब दाखिला."

"पन फी कमी काऊन? त्याहिले काय भेटते?"

दुलीचंद हसून म्हणाला, "ये तो मैंने कभी पूछा ही नहीं."

परतीच्या गाडीत शामकला खेमराजला म्हणाली, "भाऊजी, तुमी जा. पन हे विचारून या."

केवळरामनं रस्त्याकडच्या धानशेतातली एक बांधी विकली आणि खेमराज मुंबईहून बोटीनं गेला. त्याची पत्रं यायची. थंडीत नळ गोठतो, सुट्टीत कारखान्यात काम करून खोलीचं भाडं निघतं, वगैरे. फीबद्दल शामकलेनं दोनदा विचारायला लावलं. उत्तर आलं, आल्यावर सांगतो.

१९६० च्या हिवाळ्यात तो आला. हातपाय धुऊन बसतो न बसतो तोच तिनं विचारलं.

खेमराज म्हणाला, "मास्तरले विचारलं, तर ते म्हनाले सरकार भरते. मंग घरमालकिनीले विचारलं. म्हातारी धोबीखान्यात कपडे धुवाची. ते बाई म्हने, सरकार कुठून भरते? माह्या पगारातून दर महिन्याले कापते."

"म्हंजे तुमची फी त्या बाईनं भरली?"

"थोडी तिनंबी."

"तिचे लेकरं शिकले?"

"नाही. लढाईत शाळाच बंद पडली होती."

"मंग तिले राग नाही आला? तुमी तं शिकून आपल्या देशाले येऊन राहिले."

"तेबी विचारलं. बाई म्हने, राग येते कधीकधी. पन पगार कापल्यावर कोनता पैसा कोनाले गेला हे कोनाले समजते?"

शामकलेला हे उत्तर पटलं असं नाही, पण आवडलं. म्हातारी खरं बोलली, असं ती म्हणाली.

पुढच्या वर्षी मुलगी सुशीला गावची शाळा संपवून मोकळी झाली. तिला गोंदियाजवळच्या गोरेगावला मामाकडे ठेवून हायस्कुलात घालायचं ठरलं. शामकला स्वतः हेडमास्तरांकडे गेली. फी भरली, पावती घेतली, पण उठली नाही.

"गुरुजी, येवढ्या फीत मास्तरायचा पगार निघते का?"

हेडमास्तर नवलानं तिच्याकडे बघू लागले. "नाही बाई. बाकीचं सरकारी अनुदान."

"म्हंजे लोकायचं?"

"म्हणजे लोकांचंच म्हणा."

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं केवळरामला सांगितलं, "आपली पोरगी आपल्याच पैशानं नाही शिकून राहिली. चोरखमारा गावच्या लोकायचाबी पैसा हाय त्यात. ज्याहिच्या पोरी शाळेत जात नाही, त्याहिचाबी."

"मंग?"

"मंग तिले मधातच शाळेतून काढाचं नाही. लग्नासाठीबी नाही."

सुशीलेसाठी गोरेगावचंच एक स्थळ केवळरामच्या मनात होतं. तो विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही, आणि तिची हायस्कूलची चार वर्षं संपेपर्यंतही नाही.